टेकडीआडचा वारा

“सरासरी नको सांगूस,” असं मॅडम चष्मा कपाळावर सरकवत म्हणायच्या. कंपनीची बस सरासरी वेळेवर येते, असं मी एकदा बोलून गेलो, तर म्हणाल्या, “मग वाकडच्या पुलाखाली रोज ती पकडायला धावतोस कशाला?”

‘साधारण’ या शब्दाचं वावडं असलेलं माणूस तुमच्याही कचेरीत असेल. आमच्याकडे त्या मॅडम होत्या.

चाकणच्या आमच्या कारखान्यात पवनचक्क्यांचे टॉवर बनतात. कुठल्या जागी कसला वारा आहे आणि टॉवर तो किती वर्षं सोसेल, हे मॅडम ठरवायच्या. मी नवीन असताना त्यांनी एक तार घेतली आणि तुटेपर्यंत मागेपुढे वाकवली. तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. तो गरम होता. “जोराचा वारा लोखंड सोसतं. सारखे हिसके बसले की थकतं,” म्हणाल्या.

पुढे एका डोंगरावरच्या टॉवरला तिसऱ्याच वर्षी वेल्डिंगपाशी बारीक तडा सापडला. सगळ्यांनी बोट दाखवलं ते वेल्डरकडे. लातूरकडचा अबोल माणूस. त्याला काढायचं जवळपास ठरलंच होतं.

मॅडम तेव्हा पन्नाशीच्या पुढे. तरी कमरेला पट्टा बांधून शिडीने वर गेल्या, तडा पाहून आल्या आणि आठवडाभर तिथल्या वाऱ्याच्या नोंदी चाळत बसल्या. पश्चिमेचा वारा शेजारच्या टेकडीवरून येताना फुटायचा आणि टॉवरला हिसके द्यायचा. मूळ हिशेबात ती टेकडी धरलीच नव्हती. खाली सही त्यांचीच होती.

हे कुणी विचारलेलं नाही, मग सांगायचं कशाला, असं मी हळूच सुचवलं. त्याची मला अजून लाज वाटते.

बैठकीत त्या उभ्या राहिल्या. “वेल्डिंगमध्ये खोट नाही. वारा मी चुकीचा धरला.” मग उपाय सांगितला: तडा दुरुस्त करायचा आणि पश्चिमेचा वारा फार वाढला की यंत्र थांबवायचं.

वेल्डर राहिला. मॅडमची ठरलेली बढती गेली. त्यांनी जुने सगळे हिशेब माझ्याकडून काढवून घेतले आणि एकेक पुन्हा तपासला.

निवृत्तीच्या दिवशी तो वेल्डर दाराशी आला. “मॅडम, त्या दिवशी तुमी...” त्यांनी त्याला बसवलं, मुलगी कितवीत आहे विचारलं आणि पेढा पुढे केला.

मागच्या वर्षी रहाटणीच्या घरी त्या वारल्या.

आता त्यांच्या टेबलावर मी बसतो. दुपारी पश्चिमेचा वारा चढला की स्क्रीनवर त्या डोंगरावरचं यंत्र थांबलेलं दिसतं. बंद का, असं विचारायला फोन येतो. मी सांगतो, थांबू द्या. मग वारा उतरतो आणि पाती पुन्हा फिरू लागतात.