काशीरामला कोणी नेलं

खेडच्या आत, एसटी जिथून माघारी फिरते त्या वाडीत घरं भरपूर आणि माणसं मोजकी. निम्म्या दारांना कुलपं. उघड्या दारांत म्हातारी माणसं आणि बाया. धडधाकट पुरुष सगळे मुंबईला. ते गणपतीला आणि शिमग्याला उगवतात, 'आपला गाव, आपला गाव' करत छाती काढून फिरतात आणि निघून जातात. मधले सगळे महिने गाव कोण चालवतं, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही. राही चालवते.

ती लग्न होऊन आली तेव्हा नवरा धोंडू म्हणाला होता, "वर्षभरात खोली बघतो, तुला नेतो." ते वर्ष काही उजाडलं नाही. राहीने भात लावलं, बांधाचे दगडी गडगे रचले, सासऱ्याचं आजारपण काढलं, पाण्याची मोटर बंद पडली की तीही खोलली. आता पन्नाशी उलटली. तोंडाने फटकळ, पण अडल्यानडल्याला पहिली तीच धावणार.

गेल्या आषाढात शेजारचा काशीराम गेला. घाटात दरड कोसळलेली, मुलगे मुंबईत अडकलेले. "थांबा, येतोच," म्हणून फोनवर सांगत राहिले. दुसरी दुपार झाली तरी कोणाचा पत्ता नाही. वाडीत पुरुष म्हणावेत असे तिघे. एक अंथरुणाला खिळलेला, एकाला दिसत नाही, तिसरा बाबल्या काठी टेकत चालणारा. शेवटी राहीने पदर खोचला. वाडीतल्या निशिगंधाला आणि आणखी दोघींना हाक मारली. पुढे मडकं धरून बाबल्या आणि मागे तिरडी उचललेल्या चार बाया, असं निसरड्या वाटेने त्यांनी काशीरामला नेलं.

शिमग्याला मुंबईकर आले आणि गावकीची बैठक बसली. मुंबईतल्या गावमंडळाचा अध्यक्ष हरिश्चंद्र घसा खाकरून म्हणाला, "बायांनी मयताला खांदा दिला, रीत मोडली. यंदा त्या घरांत पालखी जाणार नाय."

वर्षातून एकदा, शिमग्याला, देवी पालखीतून स्वतः दारी येते. ती दार टाळून पुढे गेली, तर ते घर गावात असून नसल्यासारखं. राहीच्या डोक्यात तिडीक गेली. गावकीत बाईने बोलायचं नसतं. ती सरळ मध्ये जाऊन उभी राहिली.

"काशीदादाला काय कुजवत ठेवायचा होता? तुमी येईपर्यंत? कुनी न्यायला हवा होता, नाव सांग!"

धोंडू पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसला होता. असल्या नवऱ्यापेक्षा दारातला खांब बरा.

"वैनी, रीत ती रीत," हरिश्चंद्र म्हणाला.

तेवढ्यात बायांमधून त्याची आईच उठली. भागीरथी गावात एकटी राहते. ताप आला तर तिला पेज नेऊन देते ती राहीच.

"मग माज्या दारात पन पालखी नको," ती म्हणाली. "मी राहीला सांगून ठेवलंय, मला तूच न्यायची. ह्याची वाट बघायची नाय."

"आये, खाली बस."

"तू बस! मी जिती हाय तवर कवा बघायला आलास?"

हरिश्चंद्रचं तोंड एवढंसं झालं. पालखी अडवायची भाषा मग कोणीच काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी राहीच्या अंगणात आली. ढोल वाजले, पुरुष घामाघूम होऊन नाचले. राहीने देवीची ओटी भरली, डोळे मिटून हात जोडले. राही आता पाणी आणेल म्हणून पुरुष पालखी टेकवून पडवीकडे वळले, तशी ती घरात गेली आणि आतून कडी लावली. धोंडूही बाहेरच होता.