नोंद नसलेले आजोबा

माझे सासरे आयर्लंडहून आमच्याकडे डीमन या डच गावी आले ते थोड्याच दिवसांसाठी, एक लहानशी बॅग घेऊन. मग सगळं जग बंद झालं आणि ते आमच्याकडे अडकले. फ्लॅट दोन खोल्यांचा. आतल्या खोलीत माझा नवरा दिवसभर कॉलवर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी लॅपटॉप मांडून, आणि सोफ्यावर ऐंशी ओलांडलेले, जाड भुवयांचे, कमी ऐकू येणारे आणि म्हणून मोठ्याने बोलणारे सासरे. त्यात मला चौथा महिना, फोडणीच्या वासानेसुद्धा पोटात ढवळायचं. आम्ही एकमेकांच्या डोक्यात जात नव्हतो असं म्हटलं तर शुद्ध थाप ठरेल. मी त्यांना बाबा म्हणायचे. ते इंग्रजीतच बोलायचे, पण मला त्यांचं बोलणं आठवतं ते मराठीतच. म्हणून तसंच लिहिते.

त्यांना एकच ध्यास होता, त्यांच्या आजोबांचा. गावच्या चर्चमागे घराण्याचं मोठं थडगं आहे, दगडावर सगळ्यांची नावं कोरलेली. आजोबा मात्र त्यात नाहीत. त्यांना कुंपणाच्या भिंतीकडेला एकटंच पुरलं. कारण चुलत घराण्याचं म्हणणं असं की हा पोरगा आपल्या रक्ताचा नव्हेच, कुठून तरी उचलून आणलेला. चर्चच्या जुन्या वहीत धाकट्या भावंडांच्या बाप्तिस्म्याच्या सगळ्या नोंदी आहेत, थोरल्याची, म्हणजे आजोबांची, तेवढी नाही. भावंडं अमेरिकेला गेली आणि थोरल्याच्या बाजूने बोलायला कोणी उरलंच नाही.

बाबांनी यावरून शाळेत मारामाऱ्या केल्या होत्या. डाव्या भुवईतला व्रण त्यातलाच. आता त्या थडग्याचा ताबा एका चुलतभावाकडे होता, त्यांच्याच वयाचा शेतकरी. तो दरवेळी एकच ऐकवायचा, "वहीत दाखव, नाव कोरून देतो."

"मला मरायच्या आत त्यांचं नाव त्या दगडावर बघायचंय," बाबा म्हणायचे. रोज. चहाबरोबर.

त्या सगळ्या वह्यांचे फोटो इंटरनेटवर आहेत, कोणीही बघू शकतं. नवऱ्याला तेवढा धीर नाही. माझा पेशाच सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा, म्हटलं मी बघते. कसलं काय! लॅटिनमध्ये लिहिलेलं, शाई उडालेली, आणि पाद्र्यांचं अक्षर म्हणजे आपल्या डॉक्टरांनी लाजावं असं. तरी भावंडांच्या नोंदी सापडल्या. थोरल्याची खरंच नव्हती. पण मला वेगळंच काहीतरी दिसलं आणि मी ते जेवताना सगळ्यांसमोर बोलून बसले.

"बाबा, या मुलांची आई म्हणजे तुमची पणजी नव्हेच. तिचं आडनावच निराळं आहे."

त्यांनी काटा खाली ठेवला. चेहरा असा लाल झाला की मला वाटलं आता काहीतरी होतंय यांना. "आजोबांचं गेलं ते गेलं, आता पणजीचंही काढलंस?" एवढं म्हणाले आणि ताट तसंच सोडून उठले.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. "अगं, चर्चच्या वहीत बाईचं माहेरचंच आडनाव लिहितात. हे सगळ्यांना माहीत असतं!"

"सगळ्यांना म्हणजे कोणाला? पुण्यात कोणाला माहीत असतं?" मी उलट त्याच्यावरच चिडले. आमच्याकडे लग्न झालं की आडनाव बदललं. माझ्या आजीचं तर तांदळात अंगठीने पाळण्यातलं नावही बदललं होतं. दुसरं नाव दिसलं की ती दुसरी बाई, हेच माझ्या डोक्यात. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण बोलणं बंद. एवढ्याशा घरात अबोला धरायचा म्हणजे काय असतं ते करून बघा. पाणी घ्यायला उठलं तरी एकमेकांच्या पायात यायचो.

अबोला मोडला तो माझ्या आईमुळे. ती पुण्याहून व्हिडिओवर आली आणि डोळे पुसायलाच लागली. "पहिलं बाळंतपण गं. माहेरी व्हायचं. मी डिंक आणून ठेवलाय, अळीव आणून ठेवलेत, आणि तू तिकडे."

"आई, विमानं बंद आहेत! मी काय करू, पोहत येऊ?" मी खेकसले आणि फोन ठेवून दिला. मग मलाच रडू आलं.

सोफ्यावरून बाबांचा आवाज आला, "आई का रडत होती?"

अबोला त्यांनीच सोडला म्हटल्यावर मी सांगितलं. "आमच्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी आईकडे जाते. पुढची मुलं सासरी होतात, पण पहिलं मूल माहेरीच..."

बोलता बोलता मी थांबले. धाकटी सगळी त्या गावच्या वहीत, आणि थोरला तेवढा नाही!

"बाबा, तुमच्या पणजीचं माहेर कुठलं?"

त्यांना माहीत नव्हतं. कोणी कधी विचारलंच नव्हतं. भुवया आक्रसून म्हणाले, "आजोबा सांगायचे, लहानपणी एक अंकल त्यांना होडीत बसवून तळ्यावर न्यायचा."

"कुठला अंकल? बापाचा भाऊ की आईचा?"

"अंकल म्हणजे अंकल."

"असं कसं! काका वेगळा, मामा वेगळा. तुमच्या गावाला तळं आहे?"

"नाही," बाबा म्हणाले. आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आमच्या गावाला तळं नाही."

इथवर आलं आणि त्याच आठवड्यात बाबांना खोकला सुरू झाला.

आधी आम्ही म्हटलं, हवा बदलली असेल. मग ताप आला. आमच्या फॅमिली डॉक्टरने फोनवरूनच त्यांचा श्वास ऐकला आणि ॲम्ब्युलन्स पाठवली. मास्क आणि पिवळे ॲप्रन घातलेली दोन माणसं दारात आली. मला त्यांनी लांब उभं राहायला सांगितलं, पोटाकडे बोट दाखवून. बाबांनी जाताना दाराची चौकट घट्ट धरली. मला वाटलं घाबरलेत. पण ते माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "तळं." मग लिफ्ट खाली गेली.

भेटायला कोणालाच परवानगी नव्हती. हॉस्पिटलमधून डॉक्टरचा फोन आला, आणि इथले डॉक्टर किती सरळ बोलतात ते मला तेव्हा कळलं. तब्येत उतरत चालली तर या वयाच्या माणसाला मशीनवर घालण्यात अर्थ नाही, तुम्ही मनाची तयारी ठेवा, असं तिने शांतपणे सांगितलं. नवरा "हो, हो" म्हणत राहिला आणि फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला. मी काय करणार? मी लॅपटॉप उघडला.

त्या भागात तळ्याकाठची चर्चं पुष्कळ, आणि प्रत्येकाची वही वेगळी. बाळही नेमकं तेव्हाच हलायला लागलं होतं. ऑफिसचं काम मी सरळ बाजूला टाकलं. नवरा चिडला, "बाबा तिकडे श्वासासाठी झगडतायत आणि तू मेलेल्या माणसांमागे लागलीयेस!" मी म्हटलं, "त्यांनी मला दुसरं काय सांगितलंय? तू सांग." मग तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि लॅटिन महिने वाचून द्यायला लागला.

सकाळी सापडलं. आधी पणजीचं लग्न, तिच्या माहेरच्या चर्चमध्ये. माहेरचं आडनाव तेच, ज्यावरून मी जेवणाच्या टेबलावर तमाशा केला होता. आणि लग्नानंतरच्या वर्षात, त्याच वहीत, एका डागाच्या खाली, थोरल्याचा बाप्तिस्मा. आईचं नाव, बापाचं नाव, सगळं जागच्या जागी. बाई पहिल्या बाळंतपणाला आईकडे गेली होती, बस. आपल्याकडे जातात तशी. इतकी साधी गोष्ट, आणि त्यापायी एक माणूस जन्मभर उपरा ठरला आणि मेल्यावर भिंतीकडेला गेला. मला भयंकर संताप आला.

नवऱ्याने हॉस्पिटलला फोन लावला. नर्सने हातमोज्यात फोन धरून बाबांच्या कानाशी नेला. नुसता ऑक्सिजनचा आवाज येत होता.

"बाबा, सापडले," मी ओरडले, त्यांना ऐकू जावं म्हणून. "तळ्याकाठी. आजोळी जन्मले. आई तीच, बाप तोच."

मग घरघरत्या आवाजात प्रश्न आला, "गॉडफादर कोण?"

बाप्तिस्म्याला बाळ धरायला उभं राहणाऱ्यांची नावंही वहीत असतात, ती मी नीट वाचलीच नव्हती. मावशी एक. आणि पुरुषाचं नाव वाचलं तर आडनाव आमचंच. नवरा शेजारी ताडकन उभा राहिला. "हा बापाचा भाऊ! त्या चुलतभावाचा पणजोबा!"

म्हणजे ज्या घराने या पोराला आपला म्हणायचं नाकारलं, त्यांचाच मूळ पुरुष एवढी वाट तुडवत त्या तळ्याकाठी गेला होता आणि त्याने हे बाळ हातात घेतलं होतं. मी ते फोनमध्ये ओरडून सांगितलं.

पलीकडून बाबांनी एक शिवी हासडली. अशी सणसणीत, की ती मी इथे लिहू शकत नाही. नर्सला हसू फुटलेलं आम्हाला ऐकू आलं. तेव्हा मला खात्री पटली की हा माणूस काही मरत नाही.

आणि नाहीच मेले. हाडांचा सापळा होऊन, पण घरी आले. चुलतभावाला नवऱ्याने वहीचा फोटो पाठवला होता. त्याने पुष्कळ दिवस उत्तर दिलं नाही आणि बाबांचा जीव पुन्हा टांगणीला लागला. शेवटी उन्हाळ्यात उत्तर आलं, तेही एक शब्द न लिहिता. नुसता फोटो. जुन्या दगडावर नव्याने कोरलेलं नाव, अजून पांढरं. बाबांनी फोन डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "मी हे हाताने चाचपून बघणार," म्हणाले.

जुलैत विमानं सुरू झाली. तिकीट काढलं. बाबांनी कपाटावरची बॅग खाली काढून घेतली आणि शर्टांच्या घड्या घालत बसले. मला सातवा सरत आलेला. तेवढ्यात आईचा फोन आला. भारतातून यायचं तर अजूनही बंदच होतं. आईने तिकडे एकटीनेच माझ्या फोटोची ओटी भरली होती. "दुसरं काही नाही गं," ती म्हणाली, "तुझ्या माहेरचं एक माणूस नाही तुझ्याजवळ, एवढंच लागतं मनाला."

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं. त्यांना आईचं प्रत्येक वाक्य कळायला हवं असायचं. मी काही विचार न करता सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग पुन्हा कपाटावर होती.

"मी जात नाही," ते म्हणाले.

"आणि दगड?"

"दगड कुठे पळून जातोय? माझ्या पणजीला तिच्या माहेरची माणसं होती. तुझ्या माहेरचा मी."

मी त्यांच्याशी भांडले. अहो, तुम्ही जन्मभर ज्याची वाट बघितलीत ते समोर आलंय, माझ्यासाठी कसले थांबताय, जा ना! ते ढिम्म. त्यांना ऐकू येत नाही तेव्हा ते सोयीने येत नाही, हे मला तेव्हा पक्कं कळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भरपूर रडले. मला ते राहायला हवे होते. हेच खरं होतं आणि तेच मला बोलवत नव्हतं.

सप्टेंबरात मुलगी झाली. घरी आले तर बाबा ॲप्रन बांधून उभे, टेबलावर फोन उभा केलेला, आणि फोनमध्ये माझी आई. तिला इंग्रजी जेमतेम, त्यांना मराठी शून्य, आणि दोघांनी मिळून अळिवाची खीर केलेली. खाली लागली होती. मी सगळी खाल्ली.

मग पुन्हा सगळं बंद झालं. जाऊ, जाऊ म्हणेपर्यंत हिवाळा आला. त्यांची फुप्फुसं पहिल्यासारखी झालीच नव्हती. एका दुपारी मुलीला मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले होते. ती रडायला लागली म्हणून मी बाहेर आले, तर त्यांचा हात तिच्या पाठीवर तसाच होता आणि ते गेलेले होते. दगड त्यांनी फोटोतच पाहिला.

अस्थी घेऊन जायला आम्हाला वसंत उजाडला. निघायच्या आधी चुलतभावाचा फोन आला. माझ्याशी तो पहिल्यांदाच बोलत होता. बाबांचं नाव आजोबांच्या खालीच कोरतोय म्हणाला, आणि विचारलं, "कुठे वारला, ते काय लिहू? इथे बाहेर गेलेल्यांचं गाव लिहायची पद्धत आहे."

मी त्याला एकेक अक्षर सांगितलं. त्या अख्ख्या दफनभूमीत बोस्टन आहे, लिव्हरपूल आहे, आणि एकाच दगडावर डीमन आहे. ते तिथे माझ्या बाळंतपणामुळे आहे.