इसामूचा गुडघा

सेंदाईच्या किताहामा विद्यापीठाचा बेसबॉल संघ लीगमध्ये दर वर्षी न चुकता पहिला यायचा, फक्त खालून. जिंकण्याच्या नावानं आनंद असला तरी रिवाज मात्र कडक. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी आपल्यातला एक जण स्वतःच निवडायचा. त्यानं खेळणं कायमचं सोडायचं आणि बाकीच्यांना चेंडू मारून मारून झेलण्याचा सराव द्यायचा. संघाला शिकवणारे मास्तर त्यात तोंड घालत नसत. "तुमचं तुम्ही निस्तरा," असं नाकातून म्हणत आणि जात.

त्या वर्षी वसतिगृहाच्या जेवणघरात सगळे माना खाली घालून बसले होते. सूप गार झालं. शेवटी कॅप्टन निशिमोरीला कंठ फुटला.

"इसामू, तू बॅट फिरवलीस की चेंडू कुठे जातो रे?"

"कुठे?"

"थेट समोरच्याच्या हातात! पाहुण्याला चहा दिल्यासारखा. मग लेका, आम्हालाच दे की!"

सगळे खो-खो हसले. इसामू तोगाशीही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, आणि हसता हसताच म्हणाला, "बरं. मी सोडतो."

हसू जागच्या जागी थिजलं. निशिमोरी उठून त्याच्यापुढे कमरेत वाकला, तो सरळच होईना.

घरी सांगायचं राहिलं. सांगणार कसं? हाचिनोहे बंदरात बापाचं, शोकिचीचं, केस कापायचं दुकान. तिथे कात्री कमी, तोंड जास्त चालायचं. गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा टेकवून तो विचारायचा, "आमच्या इसामूचं ऐकलंसा का?" वस्तऱ्याखाली नाही कोण म्हणणार! फोनवरही दर रविवारी तेच.

"काय रं, खेळतोयस न्हवं?"

"रोज मैदानातच असतो, बाबा."

"ऐका! रोज मैदानात!" हे दुकानातल्या मंडळींना.

आणि इसामू खरंच रोज मैदानात असे. तळहाताची सालटी निघेपर्यंत चेंडू मारी. बर्फ वितळेपर्यंत किताहामाच्या पोरांच्या हातून चेंडू सुटेनासा झाला आणि त्या वसंतात संघानं पहिल्यांदाच लीग जिंकली. मास्तर चक्क हसले. त्यांना दात आहेत हे पोरांना तेव्हा कळलं. संघ राष्ट्रीय स्पर्धेला टोकियोला निघाला, आणि शोकिचीही दुकानाला कुलूप ठोकून तीन गिऱ्हाइकांसकट निघाला.

सामन्याआधी इसामू सराव द्यायला उतरला. शेवटचा चेंडू फलंदाजामागे बसणाऱ्या कॅचरच्या डोक्यावर सरळ उभा उडवायचा असतो. भल्याभल्यांचा तो तिरका जातो. इसामूचा ताठ वर चढला, आभाळात हरवला आणि पडला तो कॅचरच्या हातमोज्यात. कॅचरला पाऊलही हलवावं लागलं नाही.

"बघितलंसा?" वर प्रेक्षकांत बसलेल्या शोकिचीचा आवाज खालपर्यंत आला. "ह्यो नुसता सराव! आता सामन्यात बघा!"

सामन्यात इसामू बाकावर बसून होता. प्रत्येक डावाला वरून ऐकू येई, "आता! आता येतोय बघा!" संघ एका धावेनं हरला. "आता!" म्हणणारा आवाज त्याआधीच बंद पडला होता.

फाटकाबाहेर बाप उभा होता, गिऱ्हाइकं थोडी मागे.

"पुढच्या टायमाला खेळवतील न्हवं?"

"नाही, बाबा. मी खेळणं केव्हाच सोडलंय. फक्त सराव देतो."

मागून मासेवाला हानेदा ओरडला, "आरं, पोराला का घेतलं न्हाई?"

"गुडघा!" शोकिची गर्रकन वळला. "गुडघा दुखावलाय त्याचा. सांगत न्हवता लेकाचा."

"अरेरे!"

बापानं लेकाकडे पाहिलं नाही. इसामू स्टेशनपर्यंत लंगडत गेला.

पुढे तो विद्यापीठातच नोकरीला लागला. त्याच्या सरावावर किताहामानं आणखी लीग जिंकल्या, ढालींनी कपाट भरलं. नव्या पोरांमागे तो मैदानभर धावायचा. पण हाचिनोहेला गेला, की बसमधून उतरल्यापासून दुकानाच्या दारापर्यंत लंगडायचा. बाप आतून बघायचा, खुर्ची पुढे सरकवायचा. "बस. पाय दुखत आसंल." त्यावर दोघांत कधी एक शब्द झाला नाही.

शोकिची गेला, तेव्हा बापाची तसबीर छातीशी धरून इसामू गल्लीतून निघाला. दुतर्फा सगळी गिऱ्हाइकं उभी होती.

"अहो, पायाला काय झालं?" लग्नानंतर पहिल्यांदाच हाचिनोहेला आलेली बायको घाबरून कुजबुजली.

"काही नाही. चल तू."

म्हाताऱ्या हानेदानं डोळे पुसले. "अजून बरा न्हाई व्हय रं गुडघा? न्हाईतर काय खेळला असतास, पोरा!"

"हो ना, काका," इसामू म्हणाला, आणि लंगडत पुढे गेला.