आईचे एकतीस डबे

आई गेल्यावर तिच्या स्वयंपाकघरातले एकतीस स्टीलचे डबे मी कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका गॅलरीत मांडले. झाकणं काढून, रांगेत, रिकामे. एवढंच. तिचं नसणं दाखवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर एकाच माणसाला. फौजेतून निवृत्त झालेले माझे बाबा ती गेल्यापासून तिच्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. प्रदर्शनाला मात्र येतो म्हणाले होते.

ते येईपर्यंत मी बाकीच्यांना तोंड देत होते. एका दाढीवाल्या गृहस्थांनी दहा मिनिटं उभं राहून डब्यांत बाजारपेठेचा धिक्कार शोधून काढला. "नाही हो, माझ्या आईचे आहेत," असं मी हिंदीत सांगितलं, तर माझीच समजूत घालत म्हणाले, "आप खुद नहीं समझ रहीं." एक बाई पूर्ण सेट केवढ्याला म्हणून विचारून गेल्या. ज्याला त्याला अर्थ हवा होता, तोही मेट्रो गाठायच्या आत!

मग मयूर विहारच्या मराठी मंडळातल्या एक काकू आल्या. मी जरा पाठ फिरवली, तेवढ्यात त्यांनी चहाच्या टेबलावरच्या साखरेच्या पुड्या उचलून प्रत्येक डब्यात एकेक टाकायला सुरुवात केली.

"काकू, अहो काय करताय!"

"अगं, चारचौघांत रिकामे डबे मांडतात का कधी? शेजारणीचा डबासुद्धा आपण रिकामा परत करत नाही. आईने शिकवलं नाही का?"

डोकंच फिरलं माझं. "काकू, हे आर्ट आहे!"

"बिल्कुल आहे. पण थोडी साखर असली तर काय बिघडलं?"

त्यांना कशीबशी वाटेला लावून मी पुड्या वेचत होते, तेव्हा बाबा आले. भिंतीवरची पाटी त्यांनी वाचली नाही, मला काही विचारलं नाही. पहिला डबा उचलला आणि नाकाशी नेला. मग दुसरा, मग तिसरा. हात लावू नका म्हणायचं मला सुचलंच नाही. सातव्या डब्यापाशी ते थांबले.

"घासलेस?"

"हो. चकचकीत दिसावेत म्हणून."

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी डबा होता तिथे ठेवला. "यात तिने केलेला गोडा मसाला होता," ते म्हणाले. "तू न्यायच्या आधी रोज सकाळी झाकण उघडून वास घ्यायचो."