बाहेर पडायची दुसरी वाट

ऐंशीच्या दशकात मी एका विमा कंपनीत होतो. आगीचा विमा मागणाऱ्या इमारती आधी जाऊन बघायच्या, कुठे आग लागू शकेल आणि लागली तर माणसं कशी बाहेर पडतील ते लिहून द्यायचं, हे माझं काम. पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंतची दुकानं, गाळे, गोदामं माझ्या वाट्याला होती. घरमालकांना मी आवडत नसे आणि खरं सांगायचं तर मलाही ते फारसे आवडत नसत. भाड्याची तारीख त्यांना झोपेतही आठवायची, पण मीटरची खोली कुठे आहे ते विचारलं की शोधाशोध सुरू व्हायची.

पार्ल्याची ती इमारत तीन मजली होती. खाली एक रंगाचं दुकान आणि एक शिंप्याचं, वर भाडेकरू, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर मालक, त्याची बायको, तान्हं मूल आणि म्हातारी आई. वर जायला लाकडी जिना. त्याच्याखाली मीटर आणि मीटरला टेकून रंगवाल्याचे टर्पेंटाइनचे डबे.

"अहो, हा जिना पेटला तर वरून उतरणार कसे?" मी मालकाला विचारलं.

"इतक्या वर्षांत काही झालं नाही," तो म्हणाला. हे वाक्य मला दर इमारतीत ऐकायला मिळे आणि दर वेळी माझं डोकं फिरे.

मी मागच्या बाजूला गेलो. तिथे लोखंडी गोल जिना होता, जमिनीपासून थेट वरपर्यंत. प्रत्येक मजल्यावर संडासाशेजारी त्याचं दार होतं आणि प्रत्येक दाराला फळ्या ठोकलेल्या होत्या. हा बंद का, असं मी विचारलं. उत्तर द्यायच्या आधी मालकानं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग तो भिंतीकडे बघायला लागला.

त्यानं सांगायची गरजच नव्हती. संडास साफ करायला येणारी माणसं पुढच्या जिन्यावर दिसायला नकोत, म्हणून जुन्या इमारतींना असे जिने असत. घरातल्या कुणाचा पाय त्यावर पडला तर आंघोळ करावी लागे. पुढे फ्लश आले, ती माणसं यायची थांबली आणि जिने बंद झाले. माझी आई महापालिकेत लागायच्या आधी अशाच इमारतींतून काम करायची. आगीतून वाचायची दुसरी वाट या लोकांनी आमच्यासाठी बांधली होती, आणि आम्ही गेल्यावर तिला फळ्या ठोकल्या होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

डबे हलवा, मागचा जिना उघडा, नाहीतर विमा नाही, असं मी लिहून दिलं. मालक कुरकुरला, पण दुकानदार विम्यासाठी त्याच्या मागे लागले होते. मी पुन्हा गेलो तेव्हा डबे हलले होते, फळ्या निघाल्या होत्या, जिन्याला हिरवा रंगही लागला होता. त्याची म्हातारी आई आतल्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"जिना उघडायला लावणारे तुम्हीच का?" तिनं विचारलं. "बरं केलंत. पोराबाळांना उपयोगी पडेल. मी मात्र उभ्या जन्मात त्याला शिवले नाही आणि शिवणारही नाही."

"आजी, वेळ आली तर पाय ठेवावाच लागेल."

"नाही हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. आपण कांदा खात नाही हे सांगावं, तितक्या साधेपणानं तिनं ते सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मीटरनी पेट घेतला. लाकडी जिना धुरानं भरला. भाडेकरू झाडून सगळे मागच्या जिन्यानं उतरले, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. भरपाईची पाहणी दुसऱ्या माणसाकडे होती, तरी मी त्याच्याबरोबर गेलो. काय झालं ते म्हातारीच्या सुनेनंच सांगितलं.

"हे बाहेर गेले होते. मूल कडेवर होतं. सासूबाईंचा हात धरून मागच्या दारापर्यंत आणलं मी त्यांना. तिथे त्यांनी हात सोडवून घेतला. म्हणाल्या, तू हो पुढे, मी पुढच्या जिन्यानं येते. मला वाटलं, धूर बघून परत फिरतील."

म्हातारी लाकडी जिन्याच्या वरच्याच पायऱ्यांवर सापडली होती. पदर नाकाशी धरलेला होता. मालक मागच्या दाराशी उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "दार उघडं होतं हो." मला म्हातारीचा भयंकर राग आला होता आणि तितकंच वाईटही वाटत होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो राहू दिला.

संध्याकाळी घाटकोपरला घरी आलो. आई तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती निवडायची थांबली.

"हात धरून खाली आणायला दुसरं कोणीच नव्हतं का रे?"

माझा तोल गेला. "तू असतीस तर तुझा हात धरला असता का तिनं?"

"नसता धरला," आई म्हणाली. "पण मी तिला विचारत बसले असते होय? उचलून आणली असती. भरली टोपली डोक्यावर घेऊन तीन-तीन मजले उतरलेय मी त्या जिन्यांनी. म्हातारी काय तिच्याहून जड होती?"