बोडक्या मानेची कोंबडी

सुमंगलाकाकीच्या कोंबड्यांना मानेवर पीस म्हणून नसायचं. लग्न होऊन ती तेरेखोलहून आमच्या केरीला आली तेव्हा आईने पाटीत घालून दिलेल्या तलंगीपासूनचा तो वंश. दिसायला भयंकर. मी तोंडावर सांगायची, "काकी, सोललेली कोंबडी चालतेय असं वाटतं." ती म्हणायची, "तुका कोणें सांगलां पळोवंक?" बघवत नसेल तर बघू नको, असं.

तिचं माहेर आमच्या अंगणातून दिसतं. मधे फक्त नदी, फेरीबोटीत बसलं की पोचलंच. पण काकी कित्येक वर्षं गेली नव्हती. भावाने, बाबलीने, तिला न विचारता आईची माडांची बाग हॉटेलवाल्याला विकली, तेव्हा धक्क्यावर चारचौघांत ती म्हणाली होती, "तू बोलावल्याशिवाय उंबरठा चढणार नाही." बाबलीही त्याच आईचा. त्याने बोलावलं नाही. गणेशचवथीला माहेरचं फळा-मिठाईचं वजें यायचं, तेही थांबलं. संध्याकाळी काकी पायरीवर बसून पलीकडे बघत राहायची आणि विचारलं तर म्हणायची, वारा खातेय. कसला वारा! माहेरासाठी जीव तुटत होता बाईचा.

गोवा राज्य झालं त्या वर्षी पावसाळा सरता सरता वाड्यावरच्या कोंबड्यांना देवी आल्या. तुऱ्यावर, डोळ्यांवर फोड आणि त्यावर काळ्या खपल्या. काकीच्या खुराड्यात एकच कोंबडी उरली, तिचेही डोळे चिकटून बंद.

"मारून उडय गे काकी," मी म्हटलं. "ना जाल्यार आमच्यो उरल्ल्योय मरतल्यो."

"हिच्या उपरांत म्हायेरचें म्हणपाक माका कितें उरता गे?"

मी गुपचूप पेडण्याला जाऊन गुरांच्या डॉक्टरना विचारून आले. ते म्हणाले, यावर औषध नाही. डोळे साफ ठेवा, हाताने भरवा, इतर कोंबड्यांपासून लांब ठेवा. डास रोग पसरवतात आणि गळलेल्या खपल्याही.

काकीने कोंबडीला खोलीत आणून आपल्या मच्छरदाणीत ठेवलं आणि स्वतः बाहेर डासांत झोपली. शिवाय घरात फोडणी बंद, मासळी बंद. माणसाला देवी आल्यावर पाळतात ते सगळं तिने कोंबडीसाठी पाळलं. वाडा हसला, मीही हसले. मिठाच्या कोमट पाण्याने डोळे पुसायचे, पेजेची शितं एकेक करून चोचीत घालायची. ती आंधळी माझ्या हाताला चोच लावायची नाही. काकीने "ती... ती... ती..." अशी आपल्या आईसारखी लांबवून हाक मारली, की बरोबर मान उचलायची.

"माका अशी कोणें हाक मारली जाल्यार हांवय अशीच वतलें," काकी एकदा म्हणाली. "दोळे धांपून." डोळे मिटून निघेल म्हणे!

तिचं माहेरचं नाव गंगा. सुमंगला हे लग्नात ठेवलेलं. गंगा म्हणून हाक मारणारं या काठावर कोणीच नव्हतं.

आणि एक दिवस फेरीबोटीवरचा विठू निरोप घेऊन आला. "बाबलीन सांगलां, ताच्यो कोंब्यो सगळ्यो मेल्यो. आवयच्या कोंबयेच्या वंशाची तुजेकडेन आसा जाल्यार घेवन यो."

"आपोवणें कोंबयेक आयलां, माका न्हय," काकी फणकारली. तिच्या लेखी ते तिला बोलावणं नव्हतंच. पण त्याच दुपारी तिने ठेवणीतलं लुगडं उन्हात घातलं. मला वाटलं, उद्याच निघते. कुठलं काय! खपल्या पडल्याशिवाय नाही, भावाच्या अंगणात रोग न्यायचा नाही, म्हणून बसून राहिली. पडेल ती खपली चुलीत घालायची आणि नदीकडे बघायची. इतकी वर्षं हाकेची वाट बघितली आणि हाक आली तर ही कोंबडीसाठी अडली! मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

शेवटी कोंबडीचा एक डोळा उघडला. दुसरा गेला तो गेलाच. तुरा स्वच्छ झाल्यावरही काकीने बरेच दिवस जाऊ दिले आणि मग आम्ही निघालो.

बाबलीच्या फाटकाशी ती थबकली. आत अंगणात बोडक्या मानेच्या पाच-सहा कोंबड्या खुशाल माती उकरत होत्या. काकीने झटकन पाटी छातीशी धरली, चार पावलं मागे आली आणि ती माझ्या हातात दिली. "तूं हांगाच राव. भितर हाडूं नाका हिका." त्या कोंबड्यांना अजूनही रोग लागला तर, ही धास्ती.

बाबली पायऱ्या उतरून आला. केस सगळे पांढरे झाले होते.

"सगळ्यो मेल्यो म्हणून सांगललें न्ही रे तुवें?" काकी कडाडली.

तो खाली बघत म्हणाला, "ना जाल्यार तूं येतली आशिल्ली गे, गंगू?"

पदर तोंडाला लावून काकी आत गेली.

मी रस्त्यावर पाटी धरून उभी. आपल्या कोंबड्या कोंडायला बाबलीने आतून हाक मारली, "ती... ती... ती..." तशी पाटीतल्या कोंबडीने मान वर काढली आणि धडपडायला लागली.

"थांब गे बाये," मी तिला दाबून धरत म्हटलं, "आधी तिला जाऊ दे."