खांबामागची खुर्ची

वर्ध्यात इंजिनिअर केशवरावांना तोंडावर 'साहेब' म्हणतात आणि पाठीमागे 'तीनदा केशव'. घराच्या स्ट्रक्चरचं काम त्यांच्याकडे दिलंत, की महिनाभर तरी कुदळ पडत नाही म्हणून समजा. एकच हिशेब हा माणूस तीनदा करतो, तिन्ही वेळा कोऱ्या कागदावर, आधीचा कागद कपाटात कुलूपबंद करून. कॉम्प्युटर आला, तरी खोड काही गेली नाही. "अहो, मशीन चुकते का कधी?" असं एका गिऱ्हाइकानं विचारलं, तर म्हणाले, "मशीन नाई चुकत. त्यात आकडा टाकणारा चुकतो." लोक हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण ते लोकांना कुठून ठाऊक असणार? प्रमोदिनीबाईंना, घरच्या बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं.

खोड लागली ती आर्वीच्या मुलींच्या शाळेच्या हॉलपासून. चाळीस वर्षं झाली त्याला. आर्किटेक्ट होता देवेंद्र, केशवरावांचा शाळेपासूनचा जिवाभावाचा मित्र. त्यानं हॉल कागदावर काढला होता असा, की मध्ये एकही खांब नाही. शेवटच्या ओळीतल्या मुलीलाही स्टेज दिसलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. तेव्हा एकोणतीस वर्षांच्या असलेल्या केशवरावांनी आकडेमोड केली आणि ठणकावून सांगितलं, मध्ये खांब पाहिजेच, नाहीतर मधला बीम इतका जाड करावा लागेल की तो खाली उतरून वरच्या खिडक्यांचा उजेड अडवेल.

देवेंद्र म्हणाला, "अबे केशव, एकदा पुन्हा पाहून घे ना."

झालं, केशवरावांच्या नाकाला मिरची झोंबली. "तू चित्रं काढ. आकडे मले शिकवू नको."

देवेंद्रनं शांतपणे नकाशाचं ट्रेसिंग गुंडाळलं. "तू म्हणतो तर राहू दे." आणि खांब उभा राहिला.

उद्घाटन होऊन चार महिने झाले होते. दुसऱ्या कामासाठी केशवराव ते जुने कागद चाळत बसले होते, आणि पाचव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. स्लॅबचं वजन दोनदा धरलं होतं, एकदा तिसऱ्या पानावर आणि एकदा पाचव्या. ते एकदाच धरलं असतं तर बीम खिडक्यांच्या वरच बसत होता. खांबाची काडीचीही गरज नव्हती.

आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता दिवस गेले. देवेंद्रनं पुढची पस्तीस वर्षं आपलं एकेक काम त्यांच्याकडेच आणलं, आणि 'पुन्हा पाहून घे' हे शब्द त्याच्या तोंडून परत कधी निघाले नाहीत. रागावून बोलला असता तर बरं झालं असतं! त्याचा विश्वासच केशवरावांना टोचत राहिला. मग दोन वर्षांपूर्वी देवेंद्र गेला, आणि सांगायची सोयच संपली.

गेल्या डिसेंबरात त्याची मुलगी इला घरी आली. तीही आर्किटेक्ट. शाळेनं हॉलच्या दुरुस्तीचं काम तिला दिलं होतं. तिनं टेबलावर बापाचं पहिलं ट्रेसिंग पसरलं, बिनखांबाचं. "काका, तुम्ही सही दिली तर यंदा हा खांब काढू. बाबांनी कागदावर काढला होता तसा हॉल एकदा होऊ दे."

केशवरावांनी आठवडाभर हिशेब केला. अर्थात तीनदा. मग दोघं आर्वीला गेले. शाळेचा जुना शिपाई नत्थू कुलूप काढता काढता बोलू लागला. "साहेब, ह्या पिलरच्या मांगं कोनी बसत नाई. एक देवेंद्र साहेबच बसत, दर गॅदरिंगले. म्या म्हटलं, पुढं या ना. तर म्हने, नत्थू, आपण बांधलेल्या घरातली सगळ्यात वाईट जागा आपली."

"पाचवीपासून दहावीपर्यंत मी इथं नाचले," इला म्हणाली. "बाबांना एकदाही दिसलं नाही. पण सगळ्यात आधी टाळ्या यायच्या त्या या खांबामागून."

केशवराव म्हणाले, "इला, खांब निघणार नाई. तो आहे असं धरून बीममध्ये लोखंड टाकलं. मधोमध जाड सळया सगळ्या वरच्या अंगाला, खाली फक्त दोन. खांब काढला की ताण खाली येईल, आणि त्या दोन सळयांच्यानं तो झेपायचा नाई."

हे खरं होतं, शंभर टक्के खरं. आणि या खऱ्याच्या आड लपायला ऐसपैस जागा होती.

इलानं ट्रेसिंग गुंडाळायला घेतलं. "तुम्ही म्हणता तर राहू दे, काका."

बापाचेच शब्द. तिला काय माहीत! केशवराव स्टेजच्या पायरीवर बसले.

"थांब बाई. आता निघत नाई हे खरं आहे. पण तेव्हा तो लागतच नव्हता. स्लॅबचं वजन मी दोनदा धरलं. तुझा बाप म्हणाला होता, पुन्हा पाहून घे. मी नाई पाहिलं. चार महिन्यांनी चूक सापडली, तरी त्याले सांगितलं नाई."

नत्थू चहा आणतो म्हणून बाहेर निघून गेला. इलानं खांबाला हात लावला.

"बाबांना कळलं होतं?"

"नाई. मी कळू दिलं नाई."

"सांगायला पाहिजे होतं काका तुम्ही." तिचे डोळे भरून आले होते. "चिडू का रडू, मले काही समजत नाई." तिनं ट्रेसिंग काखेत मारलं. दारापर्यंत गेली आणि वळली. "जानेवारीत गॅदरिंग आहे. तुम्ही यायचं. बाबांच्या जागेवर बसायचं."

केशवराव गेले. आदल्या दिवशी प्रमोदिनीबाईंना सगळं सांगितलं होतं. त्या सोबत आल्या आणि पुढच्या रांगेत बसल्या. नत्थूनं खांबामागं खुर्ची मांडून ठेवली होती. पडदा सरकला, पेटी वाजली, मुलींच्या पायांतली घुंगरं ऐकू येऊ लागली. केशवरावांनी डावीकडं मान वाकवून पाहिली, उजवीकडं वाकवून पाहिली. समोर खांबाचा चुना तेवढा दिसत होता. मग त्यांनी मान सरळ केली आणि डोळे पुसायचीही तसदी घेतली नाही.

घुंगरं थांबली. कोण नाचलं ते त्यांना कळलं नाही. सगळ्यात आधी टाळ्या मात्र त्यांनीच वाजवल्या.